एकट्याची सनई

डोंगराच्या कुशीत पालवगड नावाचे एक लहानसे राज्य होते. राजवाड्याच्या दारावर नगारखाना होता आणि त्यात चार वाजवणारे होते. हैबती सनई वाजवायचा. गुणाजीकडे चौघडा होता, लिंबाजीकडे झांज. चौथा म्हादबा. तो सूर धरायचा. म्हणजे त्याच्या हातातही सनईच असे, पण तिच्यातून तो एकच स्वर काढी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, न तोडता. त्या स्वराच्या आधाराने हैबतीची सनई वर चढे, खाली उतरे, गिरक्या घेई. त्या गिरक्यांना लोक माना डोलवत. म्हादबाकडे कोणी बघतही नसे.

रोज सकाळी आधी म्हादबाचा सूर लागे. तो ऐकला की बायका चूल पेटवत, दुकानांच्या फळ्या निघत. मागून चौघडा आणि झांज येई आणि मग सनई. पालवगडचा दिवस असा सुरू होई.

एका वर्षी राजा सोमदेव आजारी पडला. तीन महिने अंथरुणावर होता. वैद्यांनी आशा सोडली होती. गावाने नवस बोलले, देवळांत दिवे लावले. राजाने एकच हुकूम दिला होता, "काही झाले तरी नगारखाना बंद ठेवू नका." आणि रोज सकाळी ते चौघे वाजवत राहिले.

राजा बरा झाला. वैद्यांनी तिसऱ्या दिवशीचा मुहूर्त काढला. त्या सकाळी राजा आरोग्यस्नान करणार होता आणि नगारखान्यातून वाजतगाजत ती बातमी गावाला कळणार होती.

राजाने चौघांना बोलावून घेतले. त्याचा आवाज अजून अशक्त होता.

"तुमच्या वाजवण्याने मी जगलो," तो म्हणाला. "तुमच्यापैकी ज्याच्यावाचून सगळे अडते, त्याला मला मानाचा शेला द्यायचा आहे. मला यातले कळत नाही. तुम्हीच आपसांत ठरवा आणि उद्या मला नाव सांगा."

चौघे बाहेर आले ते भांडतच.

"यात ठरवायचं काय?" हैबती म्हणाला. "गाव सनई ऐकायला थांबतं."

"माझा हात थांबला की तुझी सनई कुठं पाय ठेवणार?" गुणाजीने विचारले.

लिंबाजीही मागे राहिला नाही. झांजेवाचून चौघडा म्हणजे मिठावाचून आमटी, असे त्याचे म्हणणे पडले. म्हादबा मात्र आपल्या सनईच्या तोंडाची पत्ती पुसत होता.

हैबती हसून म्हणाला, "म्हादबातात्यांना तर विचारूच नका. भिंतीला भोक पाडून वारा सोडला, तरी तेवढा सूर निघेल."

 म्हादबा साठी उलटलेला माणूस होता. हैबती दहा वर्षांपूर्वी परगावाहून आलेला, जेमतेम तिशीचा.

शेवटी गुणाजीने तोड काढली. प्रत्येकाने एक नाव सांगायचे, पण स्वतःचे नाही. हैबती म्होरक्या, म्हणून तिघांनी ते त्याच्या कानात सांगायचे आणि ज्याचे नाव जास्त वेळा येईल ते त्याने राजाला कळवायचे. हैबतीने लगेच मान हलवली. तिघेही माझेच नाव घेणार, याबद्दल त्याला शंकाच नव्हती.

गुणाजी पुढे झाला. "म्हादबातात्या," तो कुजबुजला. "माझा हात कधी चुकला, तर मी त्यांचा सूर ऐकतो आणि जागेवर येतो."

लिंबाजी आला. त्यानेही तेच नाव घेतले. "तात्याच. दुसरं कोण?"

हैबतीच्या कानात कोणी उकळते तेल ओतावे तसे झाले. तो काही बोलण्याआधीच म्हादबा जवळ आला.

"माझं मत तुला, हैबती."

"मला? का?"

"लोक तुझ्यासाठी थांबतात. ते थांबलेच नाहीत, तर मी सूर धरू कुणासाठी?"

एवढे बोलून म्हादबा घरी गेला. हैबती मात्र जागचा हलला नाही. दहा वर्षे हे दोघे माझ्या शेजारी बसून वाजवतात, आणि वाजवताना ऐकतात त्या म्हाताऱ्याला! 

दुसऱ्या दिवशी तो एकटा राजापुढे उभा राहिला.

"काय ठरले?" राजाने विचारले.

हैबतीच्या मनात हिशेब सुरू झाला. खरे सांगितले तर शेला म्हादबाच्या खांद्यावर जाणार. उद्यापासून गाव म्हणणार, हैबतीपेक्षा तो एका सुराचा म्हातारा मोठा.

"महाराज, तिघांनीही माझेच नाव घेतले," तो म्हणाला.

राजाला आनंद झाला. त्याने स्वतःच्या हाताने हैबतीच्या खांद्यावर शेला घातला. हैबती निघाला, पण दारापर्यंत जाताच त्याच्या मनात भीती उभी राहिली. आता ते तिघे विचारणार. ते गावभर सांगणार. त्यांची तोंडे बंद करायची, तर आपल्याला त्यांची गरजच नाही हे दाखवून द्यावे लागेल. तो परत फिरला.

"महाराज, एक विनंती. उद्या मी एकट्यानेच सनई वाजवीन. अशी वाजवीन, की गाव जन्मभर विसरणार नाही."

"आणि बाकीचे?"

"त्यांना विश्रांती, महाराज. तीन महिने थकलेत."

राजाला थोडे नवल वाटले. पण ज्याच्यावाचून सगळे अडते असा हा माणूस, त्याला अधिक कळत असेल, असे समजून राजाने होकार दिला.

हैबतीने तिघांना गाठून सांगितले, "उद्या मी एकटाच वाजवणार आहे. महाराजांचा हुकूम आहे."

गुणाजीची नजर त्याच्या खांद्यावरच्या शेल्यावर गेली. "हा तुला कसा? मी तर तात्यांचं..."

"महाराजांच्या मनात आलं, त्यांनी दिला."

गुणाजी आणि लिंबाजी शेल्याकडेच बघत राहिले, दुसरे काही त्यांच्या डोक्यात शिरले नाही. म्हादबाला शेल्याचे काहीच वाटले नाही. त्याचा चेहरा उतरला तो दुसऱ्याच गोष्टीने.

"हैबती, शेला तू खुशाल घे," तो म्हणाला. "पण एकट्याची सनई इथून वाजवू नकोस बाबा. माझं ऐक. बेचाळीस वर्षांपूर्वी याच नगारखान्यात..."

"कळलं, तात्या. शेला मिळाला नाही म्हणून पोटात दुखतंय तुमच्या. एक सूर धरायचं काम, तेही उद्या नाही. घरी बसा."

हैबती निघून गेला. म्हादबा तसाच राजवाड्याच्या दारापर्यंत गेला. पण आत स्नानाची तयारी चालली होती. पहारेकऱ्यांनी त्याला पुढे जाऊ दिले नाही. "उद्या या, तात्या," ते हसत म्हणाले. "उद्या महाराज सगळ्यांना भेटणार आहेत."

सकाळ झाली. म्हादबा उजाडायच्या आतच नगारखान्यापाशी पोहोचला. दाराला आतून अडसर होता. त्याने दार ठोठावले, हाका मारल्या. वरून उत्तर आले ते सनईचे.

हैबतीने त्या दिवशी जीव ओतला. असा आवाज त्याच्या सनईतून पूर्वी कधी निघाला नव्हता. पहिला स्वर उंच गेला आणि थरथरत खाली आला. खाली रस्त्यावर घागरी घेऊन चाललेल्या दोन बायका जागच्या जागी थांबल्या. हैबतीने ते पाहिले आणि त्याला हुरूप आला.

मग एका म्हाताऱ्या शिंप्याने डोक्यावरचे पागोटे काढले. त्याच्या शेजारच्यानेही काढले. पाहता पाहता सगळा रस्ता बोडक्या डोक्यांनी उभा राहिला. दुकानांच्या नुकत्याच निघालेल्या फळ्या परत बसू लागल्या. एक बाई घागर टाकून खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली.

"काय वाजवतोय मी!" हैबतीच्या मनात आले. "नुसत्या सनईने दगड रडवला!" त्याने डोळे मिटून घेतले आणि आणखी आर्त स्वर लावला.

त्याला ठाऊक नव्हते ते गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक होते. पालवगडच्या नगारखान्यातून एकट्याची सनई एकाच प्रसंगी वाजत असे. तो म्हणजे राजाचे मरण. बेचाळीस वर्षांपूर्वी ती अशीच एका सकाळी वाजली होती. तेव्हा हैबती जन्मालाही आला नव्हता आणि सोमदेव पाळण्यात होता. तरुणांनी ती कधी ऐकली नव्हती, पण आजीआजोबांच्या तोंडून ऐकले होते, की सूर नाही, चौघडा नाही, नुसती सनई आली तर काय समजायचे. राजापुढे मात्र राजाच्या मरणाची गोष्ट कोणी काढत नसे, म्हणून सोमदेवालाही ते ठाऊक नव्हते. आणि गाव तर तीन महिने याच बातमीच्या भीतीने कान देऊन बसले होते.

"राजा गेला!" कोणीतरी ओरडले.

त्या दोन शब्दांनी गाव फुटले. वरच्या आळीतून, खालच्या आळीतून माणसे राजवाड्याकडे धावत सुटली. वेशीवरच्या शिपायांनी रिवाजाप्रमाणे दरवाजे लावून घेतले, तेव्हा बाहेर शेतावर गेलेले आपल्या मुलांना हाका मारू लागले आणि आतले बाहेरच्यांना. राजवाड्याकडे जायला एकच अरुंद दगडी जिना होता. पुढचे चढत होते, मागचे ढकलत होते. फुले विकणारी कोंडाई राजासाठी पाटीभर शेवंती घेऊन निघाली होती. तिचा पाय घसरला. तिच्यावर दुसरे पडले, त्यांच्यावर तिसरे.

आरडाओरडा ऐकून राजा ओल्या वस्त्रांनीच सज्जात आला. खाली सगळे गाव ऊर बडवत होते.

"अरे, कोण गेले?" त्याने विचारले.

पुढच्या काही लोकांनी वर पाहिले. तीन महिन्यांच्या दुखण्याने सुकलेला, ओलेता, पांढरे धोतर नेसलेला राजा त्यांना दिसला आणि भूत समजून त्यांनी किंकाळ्या फोडल्या. काही जण माघारी पळू लागले. मागच्यांना काहीच दिसत नव्हते, ते पुढेच रेटत राहिले. राजा हात हलवून ओरडत होता, "मी जिवंत आहे! थांबा!" पण त्याच्या अशक्त आवाजाला त्या आक्रोशात कोण दाद देणार?

त्या किंकाळ्यांनी हैबतीने डोळे उघडले. खालच्या जिन्यावर माणसांवर माणसे पडली होती. दारावर कोणी दगड आपटत होते आणि म्हादबाचा घोगरा आवाज येत होता, "उघड! अरे, गावाला वाटतंय महाराज गेले! तुझ्या सनईनं!"

हैबतीच्या हातातून सनई गळून पडली. त्याला आधी अर्थच लागेना. मग लागला. तो नगारखान्याच्या आतल्या जिन्यावरून धडपडत खाली आला आणि त्याने अडसर काढला.

बाहेर तिघेही होते. गुणाजी त्याला ढकलून वर धावला आणि त्याने दोन्ही हातांनी चौघड्यावर टिपऱ्या मारायला सुरुवात केली. गाव थांबावे एवढेच त्याच्या मनात होते. पण नुसता चौघडा म्हणजे शत्रू आल्याची खूण. गुणाजीला ते पक्के ठाऊक होते, त्या घाईत सुचले नाही.

"राजा गेला आणि शत्रू आला!" खालून आरोळी उठली. आता जे रडत होते ते पोरेबाळे उचलून वाट फुटेल तिकडे पळू लागले. जिन्यावरची रेटारेटी दुप्पट झाली. गुणाजीचे हात हवेतच थिजले. "मी काय केलं हे!" तो पुटपुटला.

म्हादबा धापा टाकत वर आला. तो आपल्या रोजच्या जागेवर मांडी घालून बसला, गाल फुगवले आणि सूर धरला.

एकच स्वर. सुरुवातीला तो कोणाला ऐकूही आला नाही. पण तो तुटला नाही. हळूहळू जिन्याच्या टोकाशी असलेल्या एका बाईने मान वर केली. रोज सकाळी चूल पेटवताना ऐकलेला स्वर होता तो. तिने शेजारणीचा हात धरला. "ऐक. सूर लागलाय."

"सूर लागला! सूर लागला!" हे शब्द माणसामाणसांतून मागे सरकत गेले. पळणारे थबकले. रेटणारे थांबले. सगळे गाव श्वास रोखून उभे राहिले, कारण सुरानंतर काय येते ते सगळ्यांना माहीत होते. ते आले नाही, तर काय समजायचे, ते कोणालाच माहीत नव्हते.

म्हादबाने डोळ्यांनीच गुणाजीला खूण केली. गुणाजीने टिपऱ्या उचलल्या. लिंबाजीने झांज धरली. हैबती कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता. म्हादबाने त्याच्याकडे पाहिले आणि खाली पडलेल्या सनईकडे पाहिले. सूर सोडला असता तर तो बोलू शकला असता. त्याने सूर सोडला नाही.

हैबतीने सनई उचलली.  पहिला स्वर फाटला, दुसराही डळमळला. पण खाली म्हादबाचा सूर होता आणि त्यावर तो कसाबसा उभा राहिला. चौघांची वाद्ये रोजच्यासारखी वाजू लागली.

खाली कोणीतरी रडत रडत हसले. लोकांनी वर पाहिले. राजा सज्जात उभा होता. आता त्याला बघून कोणी ओरडले नाही.

पडलेल्यांना उचलले तेव्हा कळले, चौदा माणसे जखमी झाली होती. कोंडाईचा हात दोन ठिकाणी मोडला होता. कोणी दगावले नाही, हेच नवल. हैबती खाली उतरून कोंडाईजवळ गेला. तिची शेवंती सगळ्या जिन्यावर तुडवली गेली होती.

"महाराज बरे आहेत ना रे?" तिने विचारले.

 हैबती तसाच राजापुढे गेला आणि सगळ्या गावादेखत त्याने शेला राजाच्या पायांशी ठेवला.

"महाराज, मी खोटे बोललो. दोघांनी म्हादबातात्यांचे नाव घेतले होते. माझे नाव एकट्या तात्यांनी घेतले. तात्या मला काल सांगू लागले होते, मी त्यांना बोलूच दिले नाही. चौदा माणसे माझ्या हावेपायी पडली."

गाव सुन्न झाले. राजाने गुणाजीला जवळ बोलावून सगळे विचारून घेतले. मग त्याने शेला उचलला आणि तो म्हादबाकडे वळला.

म्हादबाने हात जोडले. "नको, महाराज. मी सूर धरला तेव्हा लोक फक्त थांबले. पुढे तिघांनी वाजवलं नसतं, तर ते पुन्हा पळाले असते."

राजाने शेला कोंडाईचा मोडलेला हात गळ्यात बांधायला दिला. मग तो हैबतीला म्हणाला, "तुला मी घालवून देत नाही. उद्यापासून एक वर्ष तू सूर धरायचास. एकच स्वर. भिंतीतल्या भोकासारखा, असे तूच म्हणाला होतास, असे गुणाजी सांगतो."

"जशी आज्ञा, महाराज. पण मग सनई?" हैबतीने खालमानेने विचारले. "परगावाहून माणूस आणावा लागेल."

"मी वाजवतो," म्हादबा म्हणाला.

दहा वर्षांत त्याच्या हातून दुसरा स्वर कोणी ऐकला नव्हता. सगळ्यांनी चमकून त्याच्याकडे पाहिले. हैबतीच्याच वर्षी नगारखान्यात आलेल्या लिंबाजीला वाटले, दगदगीने म्हाताऱ्याचे डोके फिरले.

दुसऱ्या सकाळी हैबतीने सूर धरला. नाकाने श्वास घ्यायचा, गालांतली हवा सोडत राहायची आणि स्वराला धक्काही लागू द्यायचा नाही. थोड्याच वेळात त्याचे गाल दुखू लागले, कानांत घणघण सुरू झाली, डोळ्यांपुढे काळे ठिपके आले. सूर तीनदा तुटला. तिन्ही वेळा गुणाजीचा हात अडखळला, तेव्हा हैबतीला कळले, की आपण काय तोडतो आहोत.

आणि तेवढ्यात म्हादबाने सनई ओठांना लावली.

ती वर चढली, खाली उतरली, तिने गिरक्या घेतल्या. हैबतीच्या सगळ्या गिरक्या तिच्यात होत्या आणि त्याला कधी न सुचलेल्याही होत्या. लिंबाजीची झांज हातातच राहिली. हैबती ऐकण्यात गुंतला आणि सूर चौथ्यांदा तुटला.

वाजवणे संपल्यावर तो म्हादबाजवळ सरकून बसला. 

"तात्या, तुम्हाला सनई येत होती? माझ्याहून चांगली येत होती? मग एवढी वर्षं तुम्ही ती अशी का वाजवली नाहीत?"

म्हादबा सनईची पत्ती पुसत होता. त्याने मान वर न करताच सांगितले,

"तू आलास तेव्हा सनई वाजवायची तुझी फार हौस होती. सूर धरायला कुणी तयार नव्हतं."

तात्पर्य: मेळ्यात मोठा कोण, हे विचारायला निघालेला माणूस मेळाच मोडतो आणि आपल्या वाट्याचे काम जो न मिरवता, न सोडता करतो, त्याच्यामुळे सगळ्यांचे काम उभे राहते.